कोनच्या (ता. भिवंडी) ग्रामसभेस खुलं पत्र: विषय, घरातलं सुकं प्लास्टिक

कोन ग्रामसभेच्या सर्व मतदार बंधू-भगिनींनो,



हे पत्र सरपंचांना लिहिलेलं नाही, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही नाही. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण कायद्यानं ग्रामसभेचा सभासद असतो, म्हणून तुम्हा सगळ्यांना एकदमच लिहिते आहे. मागणं एकच. येत्या ग्रामसभेत रस्ता, गटार, पाणी यांच्या पंगतीला ‘घरातलं प्लास्टिक’ हा विषयही बसवा. ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून शेवटी ढकलू नका. तोवर निम्मी सभा उठून गेलेली असते आणि उरलेल्यांचं लक्ष घड्याळाकडं असतं.

प्लास्टिक वाईट आहे हे सांगायला मी बसलेले नाही. ते सगळ्यांना पाठ आहे, शाळेतल्या पोरांना तर निबंधासकट. मला सांगायचंय ते एवढंच: प्लास्टिक घरात सुकं राहिलं तर तो माल असतो, ओल्यात गेलं की घाण. त्याचं माल व्हायचं की घाण, हे डम्पिंगवर ठरत नाही. ते आपल्या ओट्यावर ठरतं, आणि दिवसातून चार-पाच वेळा ठरतं.

दुधाच्या पिशवीपासून सुरुवात करते, कारण ती बहुतेक घरांत येते. सकाळी पिशवी फोडली, दूध पातेल्यात ओतलं, पिशवी तशीच कचऱ्याच्या डब्यात टाकली. आत राहिलेलं चमचाभर दूध दुपारपर्यंत आंबतं. त्यावर भाजीची देठं, चहाचा चोथा, माशाची खवलं पडतात आणि संध्याकाळी त्या पिशवीला हात लावायला कुणी धजत नाही. तीच पिशवी फोडल्याबरोबर अर्ध्या वाटी पाण्यात खंगाळली, पाणी तुळशीला ओतलं आणि पिशवी उलटी करून खिडकीच्या जाळीला चिमट्यानं अडकवली, तर दुपारपर्यंत खडखडीत वाळते. मग घडी घालून ओट्याखालच्या गोणीत. कोपरा कापतानाही एक सांभाळायचं. तुकडा पूर्ण तोडायचा नाही. चीर द्यायची आणि टोक पिशवीला चिकटलेलं राहू द्यायचं. सुटलेला त्रिकोण नखाएवढा असतो. तो ओट्यावरून मोरीत आणि मोरीतून गटारात जातो, आणि एवढ्याशा तुकड्यासाठी वाकायला कुणाला परवडत नाही.

एका पिशवीनं काय होतंय, असं वाटेल. २०१९ च्या जूनमध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधानसभेत आकडा दिला होता: राज्यात रोज सुमारे एक कोटी दुधाच्या पिशव्या लागतात आणि त्यांचा कचरा ३१ टन होतो. म्हणजे एक पिशवी ३ ग्रॅमच्या आसपास. रोज दोन पिशव्या घेणारं घर वर्षाला ७३० पिशव्या वापरतं, वजन सव्वादोन किलो. एका बिल्डिंगमध्ये अशी चाळीस घरं धरा. नुसत्या दुधापायी ९० किलो प्लास्टिक झालं.

त्याच वेळी सरकारनं जाहीर केलं होतं की पिशवीमागं ५० पैसे अनामत घ्यायची आणि रिकामी पिशवी परत दिली की ते पैसे परत करायचे. मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेतही कंपन्यांनी दुधाच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या परत विकत घ्याव्यात अशी तरतूद होती. वर सांगितलेल्या घराला ५० पैशांच्या हिशेबानं वर्षाचे ३६५ रुपये सुटले असते. अशी पिशवी परत घेणारं दुकान माझ्या पाहण्यात आलेलं नाही. कुणाच्या पाहण्यात असेल तर सभेत जरूर सांगा. कल्पना मात्र मोडीत काढण्यासारखी नव्हती. काचेच्या सोड्याच्या बाटलीची अनामत आपण सगळ्यांनी भरली आहे. ती बाटली गटारात पडलेली कधी पाहिलीत? पोरं शोधून शोधून परत नेऊन द्यायची.

अनामत मिळो न मिळो, भंगारवाला आहेच. त्याचं गणित एकदा उभं राहून समजून घ्या. आपण ज्याला सरसकट ‘प्लास्टिक’ म्हणतो त्याचे तो हातानं चाचपून भाग पाडतो. पाण्याची नि थंड पेयांची बाटली वेगळी. बादली, मग, मोडकी खुर्ची हे ‘कडक’, ते वेगळं. दुधाची पिशवी, साखरेची पिशवी ही पन्नी, ती वेगळी. पुढं हा माल धुऊन, तुकडे करून, वितळवून त्याचा दाणा होतो आणि दाण्यापासून पुन्हा पाइप, बादल्या, ताडपत्री. वेगळं केलेलं आणि सुकं असेल तर त्याला भाव आहे. खरकटं, चिकट, मिसळलेलं असेल तर तो हात झटकून पुढं जातो, आणि त्यात त्याची चूक नाही. धुण्याचा खर्च त्याच्या अंगावर पडतो. राहता राहिली वेफर्सची, बिस्किटांची, गुटख्याची चकचकीत पाकिटं आणि शांपूच्या पुड्या. त्यांत प्लास्टिकचे आणि चंदेरी मुलाम्याचे थर एकमेकांना घट्ट चिकटवलेले असतात, ते सुटे होत नाहीत. त्याला भंगारात गिऱ्हाईक नाही. फार तर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातं, तेही कुणी गोळा करून तिथवर पोचवलं तर.

म्हणून सुकं ठेवण्याच्याही आधीचं काम म्हणजे ज्याला गिऱ्हाईकच नाही ते घरात कमी आणणं. शांपूच्या दहा पुड्यांऐवजी एक बाटली. बिस्किटाचे पाच रुपयेवाले सहा पुडे घेण्याऐवजी एक मोठा. पैसे एकदम मोजावे लागतात हे खरं, आणि रोजंदारीवरच्या घराला ते जड जातं हेही खरं. ज्या घरात महिन्याचा किराणा एकदम भरला जातो त्यांनी तरी पुड्यांच्या माळा दाराला टांगू नयेत.

पिशवीचं तर विचारूच नका. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर राज्यानं ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आणली. २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि तीन महिन्यांनी, २३ जूनपासून दंड सुरू झाला: पहिल्या वेळी ५ हजार, दुसऱ्या वेळी १० हजार, तिसऱ्या वेळी २५ हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. मग केंद्रानं ३० सप्टेंबर २०२१ पासून पिशवीची किमान जाडी ७५ मायक्रॉन केली, ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० केली, आणि मधे १ जुलै २०२२ ला एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर, चमचे, ताटल्या, स्ट्रॉ वगैरेंवर देशभर बंदी घातली. आता सांगा, भाजीच्या गाडीवर उभ्या असलेल्या बाईनं १२० मायक्रॉन कसे मोजायचे? पिशवी पातळ की जाड याचा कीस काढत बसण्यापेक्षा आपली पिशवी घरून नेणं सोपं. तेवढ्यापुरता कायदा विसरलात तरी चालेल.

आणि ती दुकानातून मिळणारी रंगीत, कापडासारखी दिसणारी, शिवणीऐवजी दाबून चिकटवलेली पिशवी कापडाची नाही. तेही प्लास्टिकच आहे, पॉलिप्रॉपिलीन. काडी लावून पाहा (बाहेर, लहानसा तुकडाच फक्त): सुतासारखी राख होत नाही, वितळून कडक गोळी होते.

गंमत अशी, की आपण राहतो कापडाच्या तालुक्यात. भिवंडीच्या मागांची खडखड तिकडच्या वस्त्यांमध्ये रात्रंदिवस चालते, उत्तरेतून आलेल्या विणकरांनी इथं संसार थाटले त्याला कैक पिढ्या झाल्या, आणि आपण कोथिंबिरीची जुडी प्लास्टिकात आणतो. कटपीस आणि चिंधी इथं किलोवर मिळते. घेताना एवढंच पाहायचं की ती सुती असावी. भिवंडीत पॉलिस्टरही भरपूर विणलं जातं, आणि पॉलिस्टर म्हणजे प्लास्टिकचाच धागा. आपल्या बचतगटांनी सुती कटपिसाच्या पिशव्या शिवून बाजारवाल्यांना किलोनं विकल्या तर बाहेरून काही मागवायला नको. पिशवी छान नक्षीची असायला हवी असंही नाही. ती धुता आली पाहिजे आणि पाच किलो कांदे पेलले पाहिजेत, बस्स.

मावरं आणायचं ते डब्यात. आमच्या सासूबाई झाकणाचा स्टीलचा डबा घेऊनच बाजारात जातात, आणि कोळीणही डबा पुढं केला की एखादी कोलंबी जास्त टाकते, असं त्यांचं म्हणणं. (माझ्या डब्यात टाकत नाही. हे डब्यावर नसून गिऱ्हाइकावर अवलंबून असावं.) मटणाच्या दुकानात मात्र अजून लाज वाटते लोकांना. कसली लाज? रक्तानं माखलेली पातळ पिशवी दुपदरी करून देतात, ती धुवून वाळवणं कुणाच्याच बापाला जमत नाही, आणि गावातल्या कुत्र्यांना कचऱ्याचा डबा उलथवायला तीच पहिली बोलावते.

आता पार्सलं. ऑनलाइन मागवलेली साडी, मोबाइलचं कव्हर, मिक्सरचं भांडं, त्याच्याभोवती फुग्यांचं वेष्टन, वर टेप, टेपवर आणखी टेप. यातलं बरंचसं आपल्याच तालुक्यातून निघतं. मानकोली, पूर्णा, दापोडे, काल्हेर, राहनाळ या पट्ट्यात मैलोन्मैल गोदामं आहेत. आपल्याकडचीच कितीतरी पोरं तिथं पॅकिंगला, लोडिंगला जातात. तिथं पॅलेटला गुंडाळायची ती पारदर्शक फिल्म किती लागते ते त्यांना विचारा. घरापुरतं करायचं तर तीन दिवसांत तीन पार्सलं मागवण्याऐवजी यादी साठवून एकदम मागवा आणि फुग्यांचं वेष्टन फोडत बसू नका, कुणाला घर बदलताना काचेची भांडी बांधायला उपयोगी पडतं. पण हा भार एकट्या घरानं का उचलावा? २०२२ च्या फेब्रुवारीत केंद्रानं उत्पादक, आयातदार आणि ब्रँडवाले यांच्यावर त्यांच्या वेष्टनाचं प्लास्टिक गोळा करून मार्गी लावायची जबाबदारी नियमात बांधून दिली आहे. एका घराच्या पत्राला कुणी उत्तर देणार नाही, ठरावाकडं काणाडोळा करणं जड जातं. गोदामपट्ट्यातल्या दहा ग्रामपंचायतींनी एकच ठराव केला, की तुमची वेष्टनं गोळा करायचं केंद्र याच तालुक्यात काढा, तर त्याला वजन येईल. सुरुवात कोननं करायला काय हरकत आहे?

पुनर्वापराबद्दल मला थोडं कडू बोलायचंय. आपल्या घरांना पुनर्वापर शिकवावा लागत नाही. तेलाच्या डब्यात तांदूळ, आइस्क्रीमच्या डब्यात मोहरी-जिरं, तांदळाच्या गोणीत माती भरून मिरचीचं रोप, जुन्या बादलीला तार बांधून माळ्यावरचं लसणाचं कोठार, हे आपल्या आयांनी कुठलीही कार्यशाळा न करता केलं. ते चालू ठेवा. पण शाळेत ‘टाकाऊतून टिकाऊ’च्या नावाखाली बाटल्या कापून, रंगवून, चमकी चिकटवून फुलदाण्या करायला लावतात, त्यातली एकही टिकाऊ नसते. रंग आणि चमकी लागलेली बाटली भंगारवाला घेत नाही. म्हणजे जो माल होता त्याची आपण हौसेनं घाण केली. उन्हात लटकवलेल्या कापलेल्या बाटल्यांच्या कुंड्याही दोन-तीन उन्हाळ्यांत तडकतात आणि त्यांचा भुगा मातीत जातो. पाण्याची बाटली एकदा रिकामी झाली की पुन्हा पुन्हा भरून पिण्यापेक्षा भंगारात दिलेली बरी. आणि हॉटेलातून आलेल्या काळ्या डब्यात गरम आमटी-भात भरून पोराला शाळेत देऊ नका. स्टीलचा डबा घरात असताना कशाला?

हे सगळं धुणार कोण, वाळवणार कोण, घड्या कोण घालणार, हा प्रश्न मी मुद्दाम मधे आणते. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, आणि मला खात्री आहे की हा विषय मांडला की कुणीतरी म्हणेल, ‘हा बायकांचा विषय, महिला सभेत घ्या.’ कृपा करून तसं करू नका. प्लास्टिक घरात आणण्यात पुरुष मागं नाहीत: कामावरून येताना हातात लोंबणारी दोन पातळ पिशव्यांतली पावभाजी, पाण्याच्या बाटल्या, पानाच्या पुड्या. आमच्या घरात ठरलंय ते असं: जो आणेल तो धुईल. मुलगा वेफर्स आणतो, तोच पाकीट पुसून कोरड्या गोणीत टाकतो. ‘हे’ ताकाच्या पिशव्या आणतात, तेच खंगाळतात. भांडण झालं नाही असं नाही. पण घरात येणाऱ्या पिशव्या आपोआप कमी झाल्या, कारण धुण्याच्या कंटाळ्यानं माणूस आणायचंच टाळतो. उपदेशानं जे झालं नसतं ते मोरीनं केलं.

पाणी वाया जातं, अशी एक शंका येते. स्वच्छ पाणी लागतच नाही. भांडी विसळलेलं शेवटचं पाणी असतं, त्यात पिशव्या बुडवून काढल्या की पुरे. लखलखीत करायच्या नाहीत, फक्त आंबू द्यायच्या नाहीत.

आता समारंभ. आपल्याकडं लग्नापेक्षा हळद मोठी, हे मी सांगायला नको. हळदीच्या रात्री मांडवामागं सकाळी जे दिसतं तेही सांगायला नको: ताटल्या, गिलास, अर्ध्या प्यायलेल्या पाण्याच्या लहान बाटल्या, रश्शात भिजलेलं सगळं एकत्र. त्या ढिगातून एक वस्तूही भंगारात जाण्याच्या लायकीची राहत नाही. कागदी कप आणि कागदी ताटल्या म्हणून समाधान मानू नका. त्यांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर चहा झिरपत नाही, आणि म्हणूनच रद्दीवालाही ते घेत नाही. थर्माकोलच्या मखराला २०१८ पासून बंदी आहे, तरी गणपतीच्या आधी बाजारात काय काय मिळतं ते आपण जाणतो.

यावर उपाय जुना आहे. गावाची भांडी असायची. वाड्यात, देवळात, समाजाच्या नावानं खोदलेली ताटं-वाट्या असायच्या, लग्नघरी मोजून न्यायची नि मोजून आणून द्यायची. पुन्हा तसा स्टीलचा संच गावानं घ्यावा, भाडं घ्यावं, आणि धुण्याचं काम बचतगटाला पैसे देऊन द्यावं; फुकटात नव्हे. पाण्याच्या बाटल्यांऐवजी जार आणि स्टीलचे पेले. हळदीचा खर्च आटोक्यात आणायची चर्चा आपल्या समाजात चाललीच आहे. तिच्यात हे एक कलम घालायला फार धाडस लागणार नाही.

जाळण्याबद्दल दोनच वाक्यं. अंगणात, बंबात, बिल्डिंगच्या मागं प्लास्टिक पेटवलं की तो धूर दुसऱ्या कुणाच्या नाही, आपल्याच पोरांच्या छातीत जातो. आणि उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५ हजारांचा, मोठा ढीग पेटवणाऱ्याला २५ हजारांचा दंड राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्येच ठरवून दिला आहे.

उरतं ते खाडीत जातं. उल्हास नदी खंडाळ्याच्या डोंगरातून कर्जत, बदलापूर करत खाली येते, कल्याणजवळ तिची खाडी होते आणि आपल्या काठानं पुढं जाते. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतलं आणि दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी याच पाण्यात आरमाराची मुहूर्तमेढ रोवली, हे आपण अभिमानानं सांगतो. त्याच दुर्गाडीच्या पुलावर गाडी थांबवून लोक निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून खाली टाकतात. फुलं कुजतात, गाठ मारलेली पिशवी कुजत नाही. देवाला वाहिलेलं सोडायचंच असेल तर निदान पिशवी रिकामी करून घरी घेऊन जा. खाडीत पाग टाकणाऱ्या कुणालाही विचारा, जाळ्यात निवट्या किती येतात नि पन्नी किती. पूर ओसरला की काठावरच्या झाडांवर कुठवर पाणी चढलं होतं ते फांद्यांना लटकलेल्या चिंध्यांवरून कळतं. २००५ ला तसंच, २०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणीकडं महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली तेव्हाही तसंच. नाल्यातून गेलेलं नदी कधीतरी दारात आणून टाकते.

खाडीच्या पलीकडं कल्याणची आधारवाडी आहे. तिथल्या डम्पिंगला आग लागली की धूर कुठवर येतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको. ते डम्पिंग बंद करण्याच्या कितीतरी तारखा आल्या नि गेल्या. शेवटी २०२० मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेनं शून्य कचरा मोहीम हाती घेतली, ओला-सुका वेगळा दिल्याशिवाय उचलायचा नाही असा आग्रह धरला, आणि २०२१ मध्ये आधारवाडीत नवा कचरा टाकणं थांबलं. त्या मोहिमेमागचे अधिकारी रामदास कोकरे यांनी आधी वेंगुर्ल्यात हेच केलं होतं. वेंगुर्ला नगरपरिषदेत कचरा दोन भागांत नाही, कैक भागांत वेगळा होऊ लागला, सुक्याला गिऱ्हाईक मिळालं, आणि जिथं नाक दाबून जावं लागे तिथं लोक बघायला येऊ लागले. कल्याण काही त्यामुळं चकाचक झालं नाही, हे पूल ओलांडणाऱ्या कुणालाही दिसतं. पण एक गोष्ट सिद्ध झाली: सुरुवात मशीनपासून नव्हे, घरातल्या दोन डब्यांपासून होते. डोंबिवलीत तर संस्था घरोघरचं धुतलेलं, वाळवलेलं प्लास्टिक ठरल्या दिवशी गोळा करतात आणि लोक पिशव्या भरून आणून देतात. आपल्यापासून ते काही लांब नाही.

तुम्ही म्हणाल, ती महापालिका, आपण ग्रामपंचायत. खरी अडचण तिथंच आहे. जनगणनेच्या लेखी कोन हे शहर आहे: वस्ती ५ हजारांच्या वर, कामकरी पुरुषांतले किमान तीन-चतुर्थांश शेतीबाहेर, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, या तिन्ही कसोट्यांत आपण बसतो. कारभाराच्या लेखी आपण गाव. कचरा शहराचा होतो, कर गावाचा भरतो. पूर्वी घरातून निघायचं ते राख, कोंडा, शेण, माशाची आतडी. उकिरड्यावर वर्षभर कुजायचं आणि वैशाखात शेतात जायचं. आता शेतावर बिल्डिंग उभी आहे आणि उकिरड्याची जागा बिल्डिंगच्या कोपऱ्यानं घेतली आहे.

पैशाची वाट मात्र गावालाही होती आणि आहे. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण विभागाच्या दुसऱ्या टप्प्यात ५ हजारांवरच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ४५ रुपयांपर्यंत, आणि तालुक्याला प्लास्टिक व्यवस्थापन केंद्रासाठी १६ लाखांपर्यंत तरतूद ठेवली गेली. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतही स्वच्छतेसाठी ३० टक्के बांधलेले होते. यापुढं कोणत्या योजनेतून काय मिळेल ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी सभेत वाचून दाखवावं आणि आपण ऐकावं. पण साधं सांगते, पहिल्या सहा महिन्यांना या पैशांची गरजच नाही. गोण्या घरात आहेत. चिमटे घरात आहेत.

म्हणून ठराव असा सुचवते. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, ग्रामपंचायतीनं ठरवून दिलेल्या एका छपराखालच्या जागी (पावसात छप्पर नसेल तर सगळं मुसळ केरात), घरोघरचं सुकं प्लास्टिक आणून द्यायचं. गावात फिरणाऱ्या भंगारवाल्यांना आणि कचरा वेचणाऱ्या बायांनाच तिथं आधी बोलवायचं, बाहेरच्या ठेकेदाराला नव्हे. त्यांचा माल पळवून गावाची स्वच्छता करणं हा अन्याय होईल. वजन तिथल्या तिथं व्हावं, फळ्यावर लिहिलं जावं आणि येणारा पैसा वेचणाऱ्यांचा असावा. गिऱ्हाईक नसलेली चकचकीत पाकिटं वेगळ्या गोणीत भरायची आणि त्या गोणीचा फोटो पाकिटांवरच्या कंपन्यांच्या पत्त्यावर ठरावासोबत पाठवायचा. आणि गावच्या भांड्यांचा संच पुढच्या हळदींच्या हंगामाआधी घ्यायचा. यातलं काही अवघड वाटत असेल तर तेवढं गाळा, पण रविवार आणि छप्पर ठेवा.

ठरावाची सूचक म्हणून माझं नाव लिहून घ्या. अनुमोदक हवा आहे. पावभाजी आणणाऱ्यांपैकी कुणी पुढं आलं तर अधिक बरं.

आपली,
कोनमधली एक मतदार